रांजणावरची तीन अक्षरं

पुस्तक एकच होतं, आणि त्याचेही दोन तुकडे झाले होते.

प्राचीन इस्राएलवरचा तो जाडजूड इंग्रजी ग्रंथ रोशनी परातेच्या हाती लागेपर्यंत नागपूरच्या महाल भागातल्या ग्रंथालयात कितीतरी वर्षं धूळ खात पडला होता. शिवण मधोमध उसवली, तेव्हा ग्रंथपालांनी दोन्ही भाग सुतळीनं वेगवेगळे बांधून ठेवले. त्या गुरुवारी रोशनी नेहमीसारखी काउंटरवर गेली, तर तिच्या हातात फक्त दुसरा भाग आला.

"आणि पहिला?"

"तो त्यांच्याकडे आहे." ग्रंथपालांनी खिडकीकडे मान वळवली.

रोशनीला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तीन वर्षांत या पुस्तकाला तिच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. मागच्या पानावरच्या शिक्क्यांच्या तारखा सगळ्या तिच्याच.

खिडकीशी एक तरुण बसला होता. रुंद खांदे, उन्हानं रापलेला चेहरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. पायांशी कापडी पिशवी, तीत संत्री. बाहेर नोव्हेंबरातला अवेळी पाऊस भुरभुरत होता, आणि हा माणूस ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, कनान नावाच्या तिथल्या जुन्या देशातल्या डोंगरी खेड्यांवरचं प्रकरण वाचत होता.

"तुम्हाला हा भाग किती वेळ लागेल?" रोशनीनं विचारलं.

त्यानं वर पाहिलं. डोळे मोठे शांत होते – पण मधूनच हसणारे. "लागन वेळ, मॅडम. इंग्रजी आहे न. मी डिक्शनरी घेऊन बसलो."

"कशासाठी वाचताय?"

"सहज."

सहज! रोशनीच्या मनात पाल चुकचुकली. इस्राएली लोकांचा आणि त्यांच्या धर्माचा उगम नागपुरात कुणी सहज वाचत नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसली – त्याच्या हातून पुस्तक सुटेपर्यंत नजर ठेवायला.

त्याचं नाव मुकुंद रेवतकर. नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग. इतिहासात एम.ए. केलं, मग वडील गेले आणि बाग त्याच्यावर आली. कृषी खात्याच्या शिबिरात कुणीतरी इस्राएली पद्धतीनं संत्र्याची लागवड शिकवली. गादीवाफे, दाट झाडं, नळ्यांतून थेंब थेंब पाणी.

"मी तिथी उभा राहून विचारलं, हे लोक मूळचे कुठले? वाळवंटात आले कुठून? तर शिकवणारे साहेब म्हणे, खत किती टाकायचं ते लिहून घ्या." तो हसला. "पण डोक्यातून जाईनाच. म्हणून आलो."

गोष्ट गोड होती. रोशनीला तिचा एक शब्दही खरा वाटला नाही.

त्याला कारण होतं. एम.ए.ला असताना धर्मेंद्र नावाचा वर्गमित्र तिच्या शेजारी बसायचा, चहा पाजायचा, तिच्या वह्या न्यायचा, परत आणून द्यायचा. वह्यांत मोरपीस ठेवायचा. मग एका परिसंवादात त्यानं तिच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण स्वतःच्या नावानं वाचलं – तिच्या आठ दिवस आधी. रोशनी वाचायला उभी राहिली, तर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हे तर मागच्या आठवड्यातच ऐकलं होतं न?" तेव्हापासून तिच्या कामात कुणी रस घेतला, की ती आधी वही मिटायची आणि मग हसायची. बहुतेकदा हसायचीच नाही.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. पहिला भाग त्याच्यापुढे, दुसरा तिच्यापुढे, आणि मध्ये एक संत्रं – न बोलता तिच्या बाजूला सरकवलेलं.

"तुमचं काय म्हणणं आहे, मॅडम? आले कुठून हे लोक?"

"आले नाहीतच. तिथलेच होते."

"मंग मोशेनं त्यायले इजिप्तच्या गुलामीतून सोडवून आणलं, समुद्र दुभंगला, ते?"

"आठवण असेल कसली तरी. पण जमिनीतून काय निघतं ते बघा. डोंगरातल्या त्या खेड्यांमधली मडकी कनानी वळणाची, भाषा कनानी, लिपी कनानी. नावातच बघा न – इस्रा-एल. एल हा कनानचा जुना, थोरला देव. बाहेरून येणारा माणूस दुसऱ्याच्या देवाचं नाव स्वतःला लावून घेईल?"

"लावते न. घरजावई लावते."

रोशनीला हसू फुटलं. ते तिनं अर्ध्यातच आवरलं, पण त्यानं पाहायचं ते पाहिलं होतं.

"पण यहोवाचं, त्यांच्या त्या एकाच देवाचं, काय करता?" तो पुढे वाकला. "कनानच्या देवांत हे नाव कुठंच नाही. जुन्या गाण्यांत म्हणतात, तो दक्षिणेच्या डोंगरातून आला, वाळवंटाकडून. कोणीतरी आणलं असंन न त्याले बरोबर? देव काय एकटा चालत येते?"

प्रश्न चांगला होता. पुस्तकातून उचललेला नव्हता. डिक्शनरी घेऊन बसलेल्या माणसाला इतका नेमका प्रश्न सुचतो... की कुणीतरी सुचवून पाठवतं?

एकदा ती अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीच्या एका रांजणाबद्दल बोलत होती. वाळवंटातल्या ठाण्यावर सापडलेला रांजण, त्यावर आशीर्वादाची ओळ – 'यहोवा आणि त्याची अशेरा'.

"अशेरा म्हणजे देवी?"

"काही जण देवी म्हणतात. काही म्हणतात, नुसता पूजेचा लाकडी खांब. भांडण अजून मिटलेलं नाही."

"खांबाले कोणी 'त्याची' म्हणन का, मॅडम?" मुकुंदचा आवाज हळू झाला होता. आणि तो पुस्तकाकडे पाहत नव्हता...

रोशनीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिनं घाईघाईनं पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली गेली.

"तुमच्या वहीचा फोटो काढू का? तुमच्या अक्षरात लवकर समजते."

"नाही." ती ताडकन म्हणाली.

"बरं." त्यानं फोन खिशात टाकला. रुसला नाही, आग्रह केला नाही. रोशनीला तेही संशयास्पद वाटलं.

घरी जाताना मात्र तिच्या ओढणीला संत्र्याच्या सालीचा वास येत राहायचा, आणि बसमध्ये ती उगाचच दोनदा तो वास घ्यायची.

नंदनवनात प्रेमलता मॅडमचं वाचक मंडळ होतं. मॅडम निवृत्त प्राध्यापिका. धारदार, पण मायाळू. दर जानेवारीत मंडळाची चर्चा रंगायची. यंदाचा विषय खास रोशनीसाठी ठेवला होता : 'इस्राएली लोक – बाहेरून आलेले की तिथलेच?' रोशनीनं 'तिथलेच' ही बाजू मांडायची. समोर कोण, ते ठरायचं होतं.

ही चर्चा रोशनीला साधी नव्हती. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. फेब्रुवारीत तिथल्या कायम जागेच्या मुलाखती होत्या आणि निवड समितीवर प्रेमलता मॅडम होत्या. मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं, "तू चार लोकांसमोर कशी उभी राहतेस, ते मला त्या दिवशी बघायचंय."

मग आठ दिवस आधी मोबाईलवर निमंत्रण आलं. रोशनीनं ते उघडलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

बाजू दुसरी : मुकुंद रेवतकर, नरखेड.

म्हणजे हे होतं तर! म्हणून संत्री, म्हणून ते डोळे, म्हणून 'तुमच्या वहीचा फोटो काढू का'. दीड महिना तिचे सगळे मुद्दे, सगळ्या शंका त्यानं समोर बसून ऐकून घेतल्या होत्या.

गुरुवारी ती त्याच्यापुढे फोन धरूनच उभी राहिली. "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"परवापासून." तो गडबडून उठला. "ग्रंथपालांनी प्रेमलता मॅडमले माझा नंबर देला. मी तुम्हाले सांगणारच होतो..."

सांगणारच होतो. धर्मेंद्रही अगदी हेच म्हणाला होता, याच स्वरात. रोशनीच्या आत काहीतरी कडक झालं. ती खुर्चीवर बसली, वही मिटली आणि आवाज खाली आणला.

"ठीक आहे. एक गोष्ट सांगू? कुणाला बोलू नका."

"नाही बोलत."

"डोंगरातल्या एका खेड्यात रांजण सापडलाय. बत्तीसशे वर्षं जुना. त्याच्या काठावर तीन अक्षरं आहेत – इजिप्तच्या लिपीत. घरमालकाचं नाव. म्हणजे त्या गावातलं निदान एक घर इजिप्तहून आलेलं होतं. अजून कुठं छापून आलेलं नाही. उत्खननातल्या एका बाईंनी मला मेलवर कळवलं."

असा रांजण नव्हता. अशी बाई नव्हती, मेल नव्हता. रोशनीनं सगळं तिथल्या तिथं, त्याच्या डोळ्यांत बघत रचलं होतं. चोर असेल तर हा घास तो गिळेल. सभेत 'मला सापडलेला पुरावा' म्हणून मिरवेल. मग ती उभी राहील... आणि यावेळी मागच्या रांगेतून कुणी तिला हसणार नाही.

मुकुंदनं डिक्शनरी मिटली. "पण मॅडम, हा तर माझ्या बाजूचा पुरावा झाला. मले काहून सांगून राहिल्या?"

"सहज," रोशनी म्हणाली.

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं – जसं कुणी आपल्या हातात फार नाजूक काहीतरी ठेवावं आणि आपण ते सांभाळून धरावं. तिला ती नजर सोसवेना. ती पाणी प्यायला उठून गेली.

चर्चेच्या रविवारी नंदनवनातला छोटा हॉल भरला होता. साठ-सत्तर माणसं, पुढे प्रेमलता मॅडम, मागच्या टेबलावर चहाचे कप. रोशनी आधी बोलली, आणि छान बोलली. बत्तीसशे वर्षांपूर्वीच्या इजिप्तच्या राजाचा शिलालेख तिनं लोकांच्या डोळ्यांसमोर उभा केला. 'इस्राएल उजाड झालं, त्याचं बीसुद्धा उरलं नाही,' अशी त्या राजाची बढाई. "इस्राएलचं नाव दगडावर पहिल्यांदा कोरलं गेलं ते असं, ते संपले म्हणून," ती म्हणाली. "आणि तेव्हा ते कनानातच होते. खेड्यांत राहत होते, पेरत होते, कापत होते." टाळ्या पडल्या. मॅडमनी मान हलवली.

मग मुकुंद उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घडी केलेला एकच कागद.

"मी बागवाला माणूस," त्यानं सुरुवात केली. "आमच्याकडे चांगलं संत्रं बी टाकून करत नाहीत. जंभेरीचा, म्हणजे एका रानटी लिंबाचा, खुंट घेतो. तो राकट राहते, इथल्या मातीत मुळं धरते. त्याच्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बांधतो. डोळा दुसऱ्या झाडावरून आणलेला राहते. मंग चार-पाच वर्षांनी फळ आलं, तर हे झाड जंभेरीचं म्हणाल का संत्र्याचं? रोशनी मॅडमनी जे सांगितलं ते मले मान्य आहे. मडकी तिथली, घरं तिथली, भाषा तिथली. खुंट कनानचाच. पण फळ ज्या नावानं ओळखलं गेलं ते नाव, तो एकच देव मानायचा हट्ट, गुलामीतून सुटल्याची ती आठवण – तो डोळा कोणीतरी बाहेरून आणला. आणणारे थोडेच असतीन. मूठभर. पण डोळा काय, एकच लागते."

मागच्या रांगेतली माणसंही पुढे सरसावून बसली होती. रोशनीही आपण कुठल्या बाजूच्या, ते क्षणभर विसरली.

"आता शेवटची गोष्ट." त्यानं कागद उलटला. "एक पुरावा आहे, पण तो माझा नाही. एका खेड्यात रांजण सापडला, त्याच्यावर इजिप्तच्या लिपीत तीन अक्षरं आहेत. हे मले रोशनी मॅडमनी सांगितलं. कोणाले बोलू नका म्हणाल्या होत्या, पण त्यांचं नाव न घेता मी हे वापरलं असतं तर ती चोरी झाली असती. आणि लपवलं असतं, तर त्यांचा मोठेपणा तुम्हाले समजला नसता. माझ्या विरोधात उभं राहायचं माहीत असून त्यांनी माझ्या बाजूचा पुरावा मले देला. असा विरोधक भेटाले नशीब लागते."

टाळ्या कडाडल्या. लोक वळून रोशनीकडे पाहू लागले, कौतुकानं.

उठून म्हणायची वाक्यं रोशनीनं पाठ करून ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

"रोशनी," प्रेमलता मॅडम पुढे सरसावल्या, "कुठलं उत्खनन हे? मी कसं ऐकलं नाही?"

'मेल शोधून सांगते, मॅडम.' एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्दही नाहीत. सगळे चहा प्यायले असते, घरी गेले असते. मुलाखत महिनाभरावर होती...

रोशनी उभी राहिली.

"असा रांजण नाहीये, मॅडम. मी तो रचला. मुकुंद माझ्या नोट्स चोरायला येतात असा मला संशय होता. त्यांना पकडायला मी खोटा पुरावा दिला. त्यांना काही माहीत नव्हतं."

मागच्या टेबलावरचे कप वाजायचे थांबले.

मुकुंद रागावलेला दिसला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागदाची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली, खिशात ठेवली. "म्हणजे दीड महिना मी तुमच्यासमोर चोर म्हणून बसलो होतो," तो हळूच म्हणाला. "मले वाटलं, आपण बोलून राहिलो." आणि तो निघून गेला.

मॅडमनी सगळे पांगल्यावर तिला थांबवलं. "मुलाखतीला ये. मी समितीला दोन्ही गोष्टी सांगणार आहे. तू खोटं बोललीस, ते सांगेन. आणि कुणी पकडलेलं नसताना तू दोन मिनिटांत उभं राहून ते कबूल केलंस, तेही सांगेन. मग त्यांनी काय ठरवायचं ते ठरवावं."

पुढचे तीन गुरुवार खिडकीची खुर्ची रिकामी राहिली. आता पुस्तकाचे दोन्ही भाग रोशनीला मिळत होते. ती वाचायला बसायची आणि एकाच ओळीवर तास काढायची. फोन लावला तर तो उचलत नव्हता.

घरी तिचे वडील, ईश्वरदास, तिचं उतरलेलं तोंड रोज बघत होते. ते जन्मभर हातमागावर बसले. माग गेले तसे इतवारीत कापडाच्या दुकानात कामाला लागले. एका संध्याकाळी चहाची बशी खाली ठेवून ते म्हणाले, "काय झालं वं? बोल तरी."

तिनं सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले.

"त्या पोट्ट्यानं सभेत कोणाचं नाव घेतलं?"

"माझं."

"मंग? ज्याले दुसऱ्याचं लुगडं आपलं म्हणून विकायचं राहते, तो पहिले विणणाऱ्याची खूण काढून फेकते. यानं तर तुझी खूण लोकायले दाखवली. त्याले चोर कायले म्हटलं तू?"

"त्या धर्मेंद्रमुळं, बाबा..."

"तो वेगळा, हा वेगळा." ईश्वरदास उठले. "त्याचा राग याच्यावर काढला. आता जाय, माफी माग. फोनवर नाही. तिथी जाऊन."

पण नुसती माफी मागायला जायचं रोशनीच्या मनाला पटेना. ती आधी मॅडमकडे गेली. मंडळाच्या वार्षिक अंकात चर्चेतली दोन्ही भाषणं छापायची होती. रोशनीनं स्वतःचं भाषण मागे घेतलं आणि त्या जागी अर्ध्या पानाचा मजकूर दिला. तो मॅडमनी एक शब्द न बदलता छापला.

दरम्यान मुलाखत झाली. निकाल लागला, प्रतीक्षा यादीत दुसरं नाव. रोशनी एक दिवस रडली, आणि दुसऱ्या दिवशी अंकाची प्रत पर्समध्ये घालून नरखेडच्या एसटीत बसली.

गावात मुकुंदचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात त्याची आई, जिजाबाई, तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं रोशनीला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कोण वं तू? विम्याची बाई होय का?"

"नाही, मावशी. मी मुकुंदच्या... ओळखीची. नागपूरची."

"ओळखीची." जिजाबाईनं तो शब्द दाण्यासारखा बोटांत धरून पाहिला. "वावरात आहे तो. पांदणीनं सरळ जाय."

बागेत पावसाळ्यात धरलेला मृगाचा बहार पिकत आला होता. फांद्या फळांच्या भारानं वाकल्या होत्या आणि मुकुंद त्यांना खालून बांबूचे टेकू देत होता. पाचोळा वाजला तसं त्यानं वळून पाहिलं. हातातला बांबू तसाच राहिला.

"मॅडम, इथी काही उत्खनन सुरू नाही."

"माफी मागायला आले."

"आता मले कायच्यात पकडायचं आहे?"

"काहीच नाही. खरंच."

"खरंच." तो कोरडं हसला. "तुम्ही मागच्या वेळीही माझ्या डोळ्यांत पाहूनच सांगितलं होतं. तीन अक्षरं. मी घरी येऊन आईले सांगितलं, एका पोरीनं माझ्यावर किती भरवसा ठेवला म्हणून. आता तुमचं कोणतं खरं मानू? पुरावा काय?"

रोशनीनं पर्समधून अंक काढला, पान उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं. मुकुंदनं हात पँटला पुसले, ओळीखाली बोट धरलं आणि वाचू लागला. ओठ हलत होते.

'मंडळाच्या चर्चेत इजिप्तच्या लिपीतल्या ज्या रांजणाचा उल्लेख झाला, तो मी रचलेला आहे. मुकुंद रेवतकर यांना तो मी खरा म्हणून सांगितला. माझा त्यांच्यावर संशय होता आणि त्या संशयाला काहीही आधार नव्हता. त्यांनी सभेत माझं नाव घेतलं ते प्रामाणिकपणानं. अभ्यासक म्हणून त्या दिवशी ते खरे ठरले, मी नाही. – रोशनी ईश्वरदास पराते.'

त्यानं ते दोनदा वाचलं.

"हे छापलं?"

"सगळ्या सभासदांकडे गेलं. कॉलेजातही."

"आणि नोकरी?"

"नाही झाली. प्रतीक्षा यादी."

"अरे बाप्पा..." तो मटकन बांधावर बसला. ती आल्यापासूनचा त्याचा ताठा कुठल्या कुठे गेला. "एवढं कायले केलं वं तू?"

तो 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं. झाडात कुठंतरी एक पोपट फळ कुरतडत होता, तेवढाच आवाज.

"कारण तुझ्याशी बोलायला मला आवडत होतं," रोशनी म्हणाली. "आणि आवडत होतं म्हणूनच भीती वाटत होती. ज्याची भीती वाटते, त्याच्यावर आधी संशय घ्यायचा... मला तेवढंच जमत आलंय."

मुकुंद मान खाली घालून पाचोळ्यातली काडी मोडत राहिला. मग म्हणाला, "तू इथं लिहिलं, संशयाले काही आधार नव्हता. ते चूक आहे."

"म्हणजे?" रोशनीनं विचारलं.

"आधार होता. मी पुस्तकासाठी येत नव्हतो."

ती एक पाऊल पुढे आली.

"पहिल्या गुरुवारी आलो, ते खरंच पुस्तकासाठी. दुसऱ्या गुरुवारपासून..." त्यानं मान वर केली. रापलेल्या गालांवरही लाली लपत नव्हती. "बागेत तोडणी सुरू होती. मजूर लावून, पहिली एसटी पकडून यायचो. आई विचारे, नागपुरात काय काम आहे? मी म्हणे, इस्राएलचं. तुझी ती यहोवा-एलची गोष्ट मी घरी येऊन पुन्हा वाचत जाय, का पुढच्या वेळी काहीतरी चांगलं विचारता यावं म्हणून. तुले थांबवाले. तू फार लवकर वही मिटते, रोशनी."

इतके दिवस ज्या माणसाच्या मनात काहीतरी आहे असं ती स्वतःला बजावत होती, त्याच्या मनात खरंच काहीतरी होतं. रोशनीला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. यावेळी तिनं दोन्हींतलं काहीच आवरलं नाही. मुकुंदनं एक फळ तोडलं, सोललं, अर्धं तिच्या हातावर ठेवलं. ठेवताना बोटं क्षणभर तिथंच राहिली...

"अगं आई!" तो एकदम उठला.

पांदणीनं जिजाबाई येत होती, डोक्यावर जेवणाची टोपली. बांधापाशी येऊन तिनं टोपली उतरवली, कमरेवर हात ठेवले आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मुलाचे लाल कान पाहिले, पोरीचे ओले डोळे पाहिले.

"आई, ह्या मॅडम," मुकुंद घाईनं म्हणाला, "ते इस्राएलचं जे वाचन होतं न, त्याच्या संदर्भात..."

"तू थांब गा." जिजाबाईनं त्याला हातानंच गप्प केलं. "मी हिले विचारून राहिली. हे पाह्य पोरी, तू विम्याची नाही, बँकेची नाही. एवढ्या उन्हात एसटीनं एकटी आली. खरं सांग, कायले आली?"

मुकुंदनं डोळ्यांनी खुणावलं. सांभाळून, काहीतरी सांग. रोशनीला ती खूण दिसली. सांगायला कारणं पुष्कळ होती, पुस्तक होतं, अंक होता, चर्चा होती.

"याच्यासाठी आली, मावशी," ती म्हणाली. "मले हा आवडते."

मुकुंदच्या हातातून संत्र्याची सालं खाली पडली.

जिजाबाईनं रोशनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाजारात वांगं हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहतात तसं, निवांत. मग ती खाली बसली, टोपलीवरचं फडकं सोडलं, भाकरीचे दोन भाग होते त्यांचे तीन केले आणि ठेच्याची वाटी मध्ये सरकवली.

"बस मंग," ती म्हणाली. "उभ्यानं काय जेवशीन?"